थंड काय घेणार?

मराठी माणूस अनोळखी माणसाला पहिला प्रश्न विचारतो तो ‘गाव कुठलं?’ हा. मिरज स्टेशनसमोरच्या एका कोल्ड्रिंक हाऊसच्या गल्ल्यावर बसणारे आप्पा तो कधीच विचारत नाहीत. ते विचारतात, ‘थंड काय घेणार?’ गिऱ्हाइकानं तोंड उघडलं की त्याचा जिल्हा, दिवस बरा असेल तर तालुका, आणि अंगात आलंच असेल तर एसटीचा थांबासुद्धा सांगून मोकळे होतात. गिऱ्हाईक तहानलेलं असतं. त्याला बाटली हवी असते. पण आपलं निदान बरोबर आहे हे त्याच्या तोंडून वदवून घेतल्याशिवाय आप्पांचा ओपनर झाकणाला लागत नाही.

असा माणूस प्रत्येक जंक्शनच्या गावात असतो. कुणी लॉजचा मॅनेजर चपलांवरून गाव ओळखतो, कुणी हमाल पेटीला बांधलेल्या दोरीवरून. आप्पा पेयावरून ओळखतात. पांढरा हाफ शर्ट, गळ्यात पंढरीची माळ, माळेशेजारी सुतळीला बांधलेला ओपनर, आणि नाकावर सोडावॉटरच्या बाटलीच्या बुडासारखा चष्मा. हा वाक्प्रचार इतरांच्या बाबतीत चेष्टेनं वापरतात. आप्पांच्या बाबतीत तो धंद्याचा भाग वाटतो.

याच जागेत त्यांच्या वडिलांची ‘सोडावॉटर फॅक्टरी’ होती. फॅक्टरी म्हणजे एक खोली, हातानं फिरवायचं लोखंडी चाकाचं यंत्र, गॅसची टाकी आणि गोटीच्या बाटल्या. एवढ्याशा खोलीला त्या काळी सर्रास फॅक्टरी म्हणत आणि मालकाला कुणी हसत नसे. गोटीच्या बाटलीचं पेटंट हायरम कॉड नावाच्या इंग्रजानं 1872 साली घेतलं. गळ्यात काचेची गोटी; आतला गॅस तिला वरच्या रबरी वायसरवर घट्ट दाबून धरतो; अंगठ्यानं खाली ढकलली की टॉक्. बूच नको, झाकण नको, ओपनर नको. आप्पांची खात्री आहे की हा कॉडसाहेब मिरजेला येऊन गेलेला असणार. ‘त्याशिवाय त्याला एवढी तहान कळली कुठनं?’

मिरजेच्या तहानेचं म्हणाल तर त्यात तथ्य आहे. एकेकाळी या स्टेशनात ब्रॉडगेज, मीटरगेज आणि नॅरोगेज असे तिन्ही रूळ होते. म्हणजे कुठूनही कुठंही जायचं तर माणसानं मिरजेला उतरायचं, बोचकी घेऊन दुसऱ्या फलाटावर जायचं आणि पुढच्या गाडीची वाट बघत उन्हात बसायचं. पुण्याकडचा, बेळगाव-हुबळीकडचा, पंढरपूर-लातूरकडचा, शिवाय दवाखान्यासाठी आलेले पेशंट आणि पेशंटपेक्षा जास्त दमलेले त्यांचे नातेवाईक. सगळे आप्पांच्या वडिलांच्या दारात. आप्पा शाळेत भूगोल नापास होत होते तेव्हाही त्यांना अथणी कुठल्या बाजूला आहे हे नीट ठाऊक होतं, कारण अथणीचं गिऱ्हाईक ‘गोली सोडा’ मागायचं. मिरजेची ती गोटी, कानडी मुलखात ती गोली, आणि दिल्लीला गेलं तर तोच ‘बंटा’.

पुढं गोटी मागं पडली आणि आप्पा एका एजन्सीच्या गाडीवर लागले. चोवीस बाटल्यांचे क्रेट, भरलेला माल उतरवायचा, एम्टी मोजून घ्यायची, फुटकी बाटली कुणाच्या नावावर टाकायची यावरून दुकानदाराशी भांडायचं. एक दिवस जत लाइन, एक दिवस निपाणी लाइन, कधी घाट उतरून रत्नागिरी. शिमगा झाला की सीझन सुरू, मृगाचा पहिला पाऊस पडला की बंद. गाडीवर लागले ते नेमकं 1977 साली. त्याच साली कोका-कोला कंपनीनं भारतातून गाशा गुंडाळला. परकीय चलनाच्या 1973 च्या कायद्यानं तिला भारतातल्या कंपनीतला आपला वाटा कमी करायला सांगितलं होतं, सरकारनं पेयाचं गुपित उघडं करायला, उद्योगमंत्री जॉर्ज फर्नांडिस होते, आणि कंपनीला ते मान्य नव्हतं. तिच्या जागी सरकारनं ‘डबल सेव्हन’ काढलं आणि पार्लेनं थम्स अप. आप्पा हा सगळा इतिहास अशा थाटात सांगतात की जणू फर्नांडिसांनी त्यांना विचारूनच सही केली. 1993 मध्ये कोका-कोला परत आली आणि तिनं थम्स अप, लिम्का, गोल्ड स्पॉट सगळं विकत घेतलं, हा भाग मात्र ते सांगत नाहीत. तो विषय निघाला की त्यांना एम्टी मोजायची आठवण होते.

या गाडीवर त्यांना त्यांचा सिद्धांत सापडला. आयुष्यात एकच सिद्धांत सापडला म्हणून ते तो जपून वापरत नाहीत. उलट रोज वापरतात. सिद्धांत असा: ‘गावात जी गाडी पहिल्यांदा पोचली, तिच्यावरच्या मालाचं नाव सगळ्याला बसतं.’ जिथं गोटीची लिंबाची बाटली जत्रेत पहिल्यांदा आली, तिथली म्हातारी माणसं आजही कुठल्याही गोड, गॅसच्या पाण्याला ‘लेमन’ म्हणतात. जिथं सत्याहत्तरनंतर डांबरी सडक आणि सडकेवरनं आप्पा पोचले, तिथं सगळं ‘थमसप’. त्या गावात लिम्का मागायची तर ‘पांढरं थमसप’ म्हणायचं, संत्र्याचं ते ‘पिवळं थमसप’. म्हणून आप्पा विचारतात, ‘काळं, पांढरं का पिवळं?’ तमिळनाडूत जुनी माणसं अशा पेयाला नुसतं ‘कलर’ म्हणतात, हे मी एकदा त्यांना सांगितलं. आप्पा गंभीर झाले. ‘शहाणी माणसं. आम्ही उगं कंपनीची जाहिरात करत बसलो.’

जाहिरात केली हे खरंच. मनमाडजवळ हडबीची शेंडी नावाचा अंगठ्यासारखा सुळका आहे. मुकाट्यानं उभा होता बिचारा कित्येक शतकं. आता शिर्डीला जाणारे सगळे त्याला थम्स अपचा डोंगर म्हणतात. आप्पा शिर्डीला गेले तेव्हा त्यांनी गाडीतून त्या डोंगराला नमस्कार केला म्हणे, आणि घरच्यांनी साईबाबांना.

तर गल्ल्यावरचं निदान. एखादा मुंडासेवाला म्हातारा येऊन ‘लेमन द्या वाईच’ म्हणाला, की आप्पा: ‘आटपाडी. खरसुंडीच्या जत्रंत पहिल्यांदा प्यालाय.’ म्हातारा थक्क. ‘कूल ड्रिंक’ म्हणाला तर हुबळी-धारवाड. ‘सॉफ्ट ड्रिंक’ म्हणाला तर गोवा. त्याला न विचारता लिम्का द्यायची, कारण उन्हाळ्यात काजूच्या उर्राकात लिम्का घालून घालून गोंयकाराच्या जिभेला दुसरं काही ओळखू येत नाही, असं आप्पांचं मत. ‘रासबेरी’ कुणी मागितलीच तर मुंबईचा किंवा पुण्याच्या कॅम्पातला माणूस, आणि बहुधा पारशी. त्यांच्या लग्नात लाल बाटली नसेल तर जेवण पुरं होत नाही. आप्पा त्याला खुर्ची पुसून देतात. रासबेरी त्यांच्याकडे नसते, पण खुर्ची पुसून देतात.

कोकणी माणूस ‘सरबत’ मागतो. मिरजेत सरबत म्हणजे लिंबाचं. तो घोट घेतो आणि ‘ह्यात कोकम खंय?’ अशा नजरेनं ग्लासकडे बघतो. कोकणात सरबत म्हणजे कोकमचंच, लिंबाला तिथं फार तर औषधाचा मान. एकदा पुतण्यानं हौसेनं रत्नागिरीहून कोकमच्या बाटल्या आणल्या. अमृत कोकम म्हणजे साखरेतलं, आणि आगळ म्हणजे मिठातला रस, सोलकढीचा. हा फरक पोराला माहीत नव्हता. त्यानं दिवसभर गिऱ्हाइकांना आगळाचं सरबत पाजलं. घाटावरची माणसं ‘कोकणात असंच असतं’ म्हणून निमूट पिऊन गेली. संध्याकाळी राजापूरचा एक मास्तर आला, त्यानं पहिल्या घोटाला ग्लास खाली ठेवला आणि विचारलं, ‘यात नारळाचं दूध घालायचं राहिलं काय?’ आप्पा आजही तो प्रश्न सांगताना हसत नाहीत. दुकानाची अब्रू गेली ती गेली.

दुकानाच्या पाटीचंही एक आहे. ‘कोल्ड्रिंक हाऊस’ ही पाटी वाचून मुंबईचा माणूस आत येतो आणि बाटली मागतो. पुण्याचा माणूस तीच पाटी वाचून मस्तानी मागतो, कारण पुण्यात कोल्ड्रिंक हाऊस म्हणजे दूध, आइस्क्रीम आणि वर सुकामेवा. गॅसच्या पाण्याचा तिथं संबंध नाही. आणि कोल्हापूरचं कुटुंब आलं की ते मागतं ‘कॉकटेल’. सकाळी अकरा वाजता नऊवारीतली आजी नातवाला घेऊन बसलीय आणि खणखणीत आवाजात ‘दोन कॉकटेल, एकात जेली जास्त’ सांगतेय, हे बघून शेजारच्या टेबलावरच्या मुंबईकरानं घड्याळ बघितलेलं मी पाहिलं आहे. आइस्क्रीम, फळांचे तुकडे आणि जेली यांच्या त्या मिश्रणाला कोल्हापुरात पिढ्यान्‌पिढ्या कॉकटेल म्हणतात आणि त्यात चढण्यासारखं काही नसतं. इंदूरचा एक मराठी जावई शिकंजी मागून बसला तेव्हा तर पंचाईतच. उत्तरेत शिकंजी म्हणजे लिंबूपाणी, तेवढं आप्पांना ठाऊक. त्यांनी जिरं-मीठ घालून झोकात दिलं. जावई गोंधळला. इंदुरात शिकंजी म्हणजे आटवलेल्या दुधाचं, केशर-सुकामेव्याचं दाट प्रकरण. सासऱ्यानं जावयाच्या मानपानात काटकसर केली अशी त्याची समजूत झाली, आणि ती दूर करायला सासऱ्याला दोन मस्तान्या लागल्या. मस्तानीही इंदुराला माहेरची वाटली असणार. पेशव्यांचं आणि माळव्याचं नातं जुनं आहे.

लातूरचं गिऱ्हाईक आप्पा वेगळ्याच पद्धतीनं वागवतात. 2016 च्या उन्हाळ्यात लातूरला प्यायला पाणी नव्हतं तेव्हा मिरजेहून रेल्वेच्या टाक्यांतून पाणी गेलं. तेव्हापासून कुणी लातूरचा आहे असं कळलं की आप्पा आधी पाण्याचा ग्लास पुढं करतात आणि ‘घ्या, तुमचंच हाय’ म्हणतात. उपकार करून विसरायची पद्धत आप्पांना मंजूर नाही.

संध्याकाळी सातनंतर नुसता ‘सोडा’ मागणाऱ्या माणसाचं गाव मात्र ते ओळखत नाहीत. ओळखीचा असला तरी ओळखत नाहीत. बाटली वर्तमानपत्रात गुंडाळायची, सोबत खाऱ्या शेंगदाण्यांची पुडी हवी का ते विचारायचं आणि दुसरीकडं बघायचं. सात वाजता ‘सोडा’ या शब्दाचा अर्थ पालटतो. दिवसा मागितला तर पोटात गॅस झालाय, रात्री मागितला तर मित्र जमलेत. ‘बाटली’चं तर विचारूच नका. लाहोरकडं घरी आलेल्या पाहुण्याला ‘बोतल’ घेणार का विचारतात आणि ती साधी थंड पेयाची बाटली असते, हे मी सांगितल्यावर आप्पा हादरले. ‘सासऱ्यासमोर? बायकामाणसांत?’ मग बराच वेळ विचार करून म्हणाले, ‘तरीच फाळणी झाली.’

त्यांच्या शास्त्राची खरी परीक्षा घेतली ती एका बारा-तेरा वर्षांच्या पोरीनं. मिरजेच्या एका डॉक्टरांची नात, न्यू जर्सीची. तिनं मागितला ‘सोडा’. दुपारची वेळ, म्हणजे पोटाचं कारण, असं धरून आप्पांनी साधा सोडा दिला आणि वर मिठाची चिमूट विचारली. पोरीचं तोंड वाकडं झालं. मग तिनं मोडक्यातोडक्या मराठीत समजावलं: न्यू जर्सीत, न्यूयॉर्कला, तिकडं कॅलिफोर्नियात गोड गॅसच्या पेयाला सोडाच म्हणतात. काका शिकागोला राहतात, तिथं त्यालाच ‘पॉप’ म्हणतात. आणि आत्या अटलांटाला, तिथं दक्षिणेत सगळंच ‘कोक’. कोक मागितला तर हॉटेलात विचारतात, ‘कुठला कोक?’ आणि माणूस संत्र्याचा सांगू शकतो. बॉस्टनकडचे म्हातारे ‘टॉनिक’ म्हणायचे. ‘टॉनिक?’ आप्पा डॉक्टरांच्या गावात वाढलेले. ‘चिठ्ठीवर मिळतंय व्हय?’

पण खरा आनंद त्यांना अटलांटाचा झाला. कोका-कोलाचा जन्म 1886 साली अटलांटातच झाला, हे पोरीनं सांगितलं तेव्हा आप्पा गल्ल्यावरून उठून उभे राहिले. ‘बघा! गाडी तिथनंच सुटली न्हवं? मग सगळ्याला तिचंच नाव बसणार. आमच्या जतला थमसप बसलं तसं.’ पार अटलांटापर्यंत आपला सिद्धांत लागू पडतो याचा त्यांना इतका हर्ष झाला की पोरीला त्यांनी पिवळं फुकट दिलं. तिला काळं हवं होतं. पण शास्त्राच्या आनंदात एवढं चालायचंच.

मला विचाराल तर आप्पांचा सिद्धांत निम्माच खरा आहे. गाडीचं नाव बसतं, कबूल. पण ते बसून राहतं ते उन्हामुळं आणि जत्रेमुळं. माणसाला पेयाची चव आठवत नाही, ते कुणी घेऊन दिलं ते आठवतं. आजोबांनी ‘लेमन’ म्हणून दिलं असेल तर ते आयुष्यभर लेमन. हे मी आप्पांना सांगितलं नाही. सिद्धांतात भर घातलेली त्यांना आवडत नाही.

शिवाय अलीकडं त्यांचे दिवस फिरलेत. पूर्वी ‘थंड’ म्हणणारा घाटावरचा आणि ‘थंडा’ म्हणणारा नागपूर-अमरावतीकडचा, एका कान्यावरून अख्खा महाराष्ट्र दुभागता यायचा. मग टीव्हीवर आमिर खान ‘ठंडा मतलब कोका-कोला’ म्हणायला लागला, प्रसून जोशींनी लिहिलेलं, आणि दोन उन्हाळ्यांत तासगावची पोरंही ‘थंडा’ म्हणायला लागली. एका तरुणाला आप्पांनी छातीठोकपणे ‘वर्धा’ सांगितलं. तो मागच्याच गल्लीतला निघाला, आप्पांच्या व्याह्यांचा भाडेकरू. त्या दिवशी आप्पांनी जाहिरातीच्या धंद्याला ज्या शिव्या घातल्या त्या निपाणी लाइनवर शिकलेल्या होत्या, म्हणजे दोन भाषांत.

‘पेप्सी’नंही त्यांना असंच छळलं. शहरातलं पोरगं पेप्सी मागतं तेव्हा त्याला बाटली हवी असते. खेड्यातलं पोरगं पेप्सी मागतं तेव्हा त्याला प्लॅस्टिकच्या नळीतला रंगीत बर्फ हवा असतो, दातानं टोक तोडून चोखायचा, रुपया-दोन रुपयांचा, ज्याचा त्या कंपनीशी काडीचाही संबंध नाही. आप्पांनी यावर उपाय काढला: पोराच्या हातातली नोट बघायची. नोट असली तर बाटली, नाणं असलं तर नळी. भाषाशास्त्रात हा उपाय बसत नाही, पण चुकतही नाही.

आणि आता पुतण्यानं काउंटरवर मशीन बसवलंय. एका नळाखाली अठरा पाट्या: जिरा, ब्लूबेरी, काला खट्टा, आणि ‘मोहितो’. ही पाटी पहिल्यांदा वाचून आप्पांनी विचारलं होतं, ‘कुठले मोहिते हे? मोहित्यांच्या वडगावचे का?’ पुतण्यानं समजावलं की हे क्युबाचे. आप्पा म्हणाले, तिकडंही गेलेत म्हणायचे. सांगली जिल्ह्यातले मोहिते कुठंही पोचू शकतात यावर त्यांचा विश्वास आहे.

पुतण्याला पाटीसुद्धा सुधारायची होती. त्यानं ‘येथे शीतपेये मिळतील’ अशी नवी पाटी रंगवून आणली. आप्पांनी ती आतल्या बाजूला, भिंतीकडं तोंड करून लावली आहे. त्यांचं म्हणणं साधं आहे: इतक्या वर्षांत ‘एक शीतपेय द्या’ म्हणत आलेला माणूस त्यांना दोनदाच भेटला, एक मराठीचा मास्तर आणि दुसरा सरकारी तपासणीला आलेला. दोघांकडूनही पैसे मागायचा धीर झाला नाही. हा शब्द धंद्याला परवडत नाही.

मिरजेला कधी गाडी बदलायची वेळ आली तर समोर जाऊन या. तुमच्या घरी जे म्हणतात तेच मागा. लेमन म्हणा, थंडा म्हणा, पांढरं थमसप म्हणा, लाजू नका. गाव चुकीचं सांगितलं तर हटकून सांगा, आप्पा दोन मिनिटं रुसतील आणि मग तुमच्या गावाला जाणारी लाइन विचारून घेतील. फक्त ‘काहीही चालेल’ असं म्हणू नका. त्या गिऱ्हाइकाला आप्पा माठातलं पाणी देतात, आणि ते सुद्धा उभ्यानं.